कूलर फुल ठेवजो, आत्या

माझी नणंद शकुनताई पन्नाशी ओलांडलेली बाई आहे आणि ती ट्रक चालवते. रस्त्यावर नाही, कॉम्प्युटरवर. अकोल्याच्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात दुपारची भांडी झाली, की पदर कमरेला खोचून ती खुर्चीवर बसते, चष्मा कपाळावरून नाकावर घेते आणि कुठल्या तरी थंड देशातल्या घाटात भलामोठा मालट्रक घालते. मागे खाटेवर तिचे यजमान, गोवर्धनभाऊजी बसलेले असतात. त्यांनी आयुष्यभर खरा ट्रक चालवला. गुडघे गेल्यापासून ते घरीच आहेत.

"अवो, उतार हाये! गेअर पाड! पाड म्हनतो ना!" ते ओरडतात.

"तुम्ही गुपचूप बसा," ती मान न वळवता म्हणते. "आता गाडी माह्या हातात हाये."

येणारा-जाणारा हे बघून हसतो, कौतुक करतो. माझे यजमान तर बहिणीचं हे वेड ऑफिसात रंगवून सांगतात. मला मात्र तिचं कौतुक वाटत नाही. मला तिचा हेवा वाटतो, आणि तो ट्रकमुळे नाही. माझा एकुलता एक मुलगा विपुल माझ्याशी महिन्याभरात जेवढं बोलत नाही, तेवढं तो तिच्याशी एका संध्याकाळी बोलतो.

शकुनताई तिवशाजवळच्या खेड्यातली, किसनरावांची थोरली. माझे सासरे किसनराव काळ्या रानाचे मालक, घरात ट्रॅक्टर गावात सगळ्यांत आधी आला. ताईला त्या ट्रॅक्टरचं भयंकर वेड. पण स्टेअरिंगवर बसवलं ते तिच्याहून सात वर्षांनी लहान भावाला, म्हणजे माझ्या यजमानांना. त्यांचे पाय ब्रेकपर्यंत पोचत नव्हते तेव्हापासून. ताई बांधावर डबा घेऊन उभी. दहावीनंतर शाळा सुटली. गोवर्धनभाऊजींचं स्थळ आलं, तेव्हा घरचे कुरकुरले, ड्रायव्हर माणूस म्हणून. ताई मात्र लगेच हो म्हणाली, कारण त्यांच्याकडे स्वतःचा ट्रक होता. तिला वाटलं असेल, आता तरी. पण भाऊजींनी तिला शेजारी बसवलं, नागपूरपर्यंत नेलं, ढाब्यावर जेवू घातलं. स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. "क्लच जाईन," म्हणायचे. मुलगी दीक्षा नोकरीला हैदराबादला गेली आणि तिचा कॉम्प्युटर घरी राहिला. ताई रोज त्याच्यावरची धूळ पुसायची. एक दिवस पुसता पुसता तिनं तो चालू केला, आणि त्यात ट्रकचा खेळ निघाला.

त्याच वर्षी दिवाळीत विपुल तिच्याकडे चार दिवस राहायला गेला होता. ताईचा ट्रक साध्या रस्त्यावर बरा चालायचा, पण खेळात पाऊस सुरू झाला किंवा अंधार पडला की चित्र अडकत अडकत पुढे सरकायचं. विपुल म्हणाला, "आत्या, ग्राफिक्स कार्ड जुनं आहे." पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग तो. ती म्हणाली, "नवं मले नोको. याच्यातूनच काढ काई." मग त्यानं ते कार्ड ओव्हरक्लॉक करायला घेतलं. म्हणजे कंपनीनं जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याच्या थोडं वर त्याला पळवायचं. एकदम नाही. थोडा वेग चढवायचा, खेळून पाहायचं, पुन्हा थोडा चढवायचा. पडद्यावर रंगीत ठिपके दिसायला लागले किंवा सगळं काळं झालं, की एक पायरी खाली यायचं. वेग वाढला की कार्ड तापतं, म्हणून आकड्यांवर नजर ठेवायची.

हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मी विचारलं होतं, "ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय रे?" तर मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "तुला नाही कळणार, आई."

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. आहे. फर्स्ट क्लास. शकुनताई दहावी.

तिला मात्र त्यानं सगळं समजावलं, आणि तिनं त्या सगळ्याला आपली नावं ठेवली. वेग म्हणजे चढ. कॉम्प्युटरची पेटी म्हणजे डबा. पडद्यावरचे ठिपके म्हणजे गोवर. कार्ड म्हणजे पोट्टं. एकदा मी स्वयंपाकघरात असताना विपुलच्या फोनवर तिचा आवाज ऐकू आला, "पोट्ट्याचा ताप शहाऐंशी हाये, पन गोवर नाई निंगाला. अजून चढवू काय?" मी लाटणं टाकून धावले. मला वाटलं, शेजारचं कुणाचं तरी लेकरू आजारी आहे. विपुल हसून हसून पलंगावर आडवा झाला आणि फोनमध्ये म्हणाला, "आत्या, आई घाबरली वं." तिकडून तीही हसली. त्या दोघांच्या हसण्यात मी कुठेच नव्हते, मी फक्त हसण्याचं कारण होते.

आणि त्याची भाषा! मी त्याला लहानपणापासून नीट बोलायला शिकवलं. अकोल्याहून परत आला की "मी जेवून राहिलो", "मले नाई पायजे." ताई तर जुन्या वऱ्हाडी बायकांसारखी "मी जातो, मी करतो" असंच बोलते, बाई असून. तिचं मला कधी खटकलं नाही. त्याच्या तोंडी आलं की वाटतं, ती आपल्या घरात येऊन बसली.

यंदा त्याची बारावी झाली. इंजिनीअरिंगला जायचं हे ठरलेलं, कुठे हे ठरायचं होतं. मला एवढंच हवं होतं की त्यानं घरी राहावं आणि अमरावतीत शिकावं. पण त्याच्या बोलण्यात अकोल्याचं कॉलेज यायला लागलं होतं. "चांगलं आहे म्हणतात," एवढंच सांगायचा. का ते मला विचारावं लागत नव्हतं. मी यजमानांपाशी विषय काढला, तर ते म्हणाले, "अगं, आत्याकडेच राहील ना, परक्याच्या घरी थोडीच?" त्यांना कोण समजावणार? परक्याच्या घरी राहिला असता, तर मला झोप लागली असती.

बोर्डाची परीक्षा संपताच तो सीईटीच्या अभ्यासाला म्हणून ताईकडे गेला. शांतता असते म्हणे तिथे. मागे बसून भाऊजी गेअर पाडायला सांगतात ती शांतता. सीईटीसाठी चार दिवस घरी आला, तेव्हाही ताईचे फोन चालूच. ऊन चढत चाललं होतं. तिकडे म्हणे खेळताना कार्ड फार तापत होतं. मी पोळ्या करता करता ऐकत होते. विपुल सांगत होता, "आत्या, खेळताना कूलर फुल ठेवजो. आणि डब्याचं झाकण काढून ठेव, हवा लागू दे." परीक्षेबद्दलच्या माझ्या काळजीला तो "हं" म्हणत होता आणि तिकडच्या तापाची इतकी चौकशी.

परीक्षा झाली. तो म्हणाला, "अकोल्याला जाऊन सामान घेऊन येतो." सामान आणायला गेलेला माणूस महिनाभर परत येत नाही, हे मला कळत होतं. मी म्हटलं, "मीही येते." बडनेऱ्याहून गाडीत बसलो. मूर्तिजापूर गेलं तरी त्याच्या कानातली इअरफोनची बोंडं निघाली नाहीत.

शकुनताई दारातच उभी होती. नेहमीसारखं "ये वो कालेजवाली" म्हणाली नाही. चेहरा उतरलेला.

"विपुल, पोट्टं उठून नाई राहिलं," ती म्हणाली. "सकाळपासून. पंखा फिरते, पडदा काळाच."

विपुल चपला न काढता आत गेला आणि मधेच थांबला. खिडकीतला लोखंडी कूलर, तो मोठा, वाळ्याची ताटी लावलेला, पाण्यानं भरायचा, तो खिडकीतून काढून खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवलेला होता. त्याचं तोंड थेट कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे.

"आत्या, हे काय?"

"तूच तं म्हनला. कूलर फुल ठेवजो, डब्याचं झाकण काढजो. चार दिवस फुलवर ठेवला ना मी."

"आन आम्ही दोघं घामानं न्हाऊन राहिलो," भाऊजी खाटेवरून म्हणाले. "सगळी थंड हवा त्या डब्याले. मी म्हनलं, बुढ्याले बी थोडी येऊ दे. तं म्हने, विपुलनं सांगितलं हाये."

मी वाट पाहत उभी राहिले. खोटं कशाला सांगू, आता तो तिच्यावर भडकेल याची वाट पाहत होते. मागे एकदा मी त्याचा कीबोर्ड ओल्या फडक्यानं पुसला होता, तर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता.

विपुल खाली बसला आणि हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अवं आत्या, तो कूलर नाई वं! कार्डावरचा पंखा! त्याले कूलर म्हनतेत!"

"मंग पंखा म्हन ना लेका! कूलर म्हनशीन तं मी कूलरच लावीन!"

तिघं हसत सुटले. मी पिशवीतून डबे काढत राहिले.

मग त्यानं कार्ड बाहेर काढलं. त्याच्यावर पांढुरका थर बसला होता, बारीक बारीक पिनांच्या मधल्या फटींत सुद्धा. त्यानं स्पिरिटची बाटली काढली आणि कापसानं पुसायला बसला. पुसलं, वाळवलं, लावलं. पडदा काळा. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. पडदा काळाच. हळूहळू त्याचं हसणं गेलं. ताई त्याच्या मागे उभी राहून वारा घालत होती, पुठ्ठ्यानं.

तो पांढरा थर काय आहे, हे मला बघताक्षणी कळलं होतं. तसाच थर कूलरच्या जाळीवर होता, न्हाणीघरातल्या बादलीवर होता. हा खारपाणपट्टा. नळाला पाणी नसलं की बोअरचं पाणी वापरायचं, आणि ते खारं. ताईनं तेच कूलरमध्ये भरलं होतं. पंख्यानं त्या पाण्याचे बारीक तुषार चार दिवस कार्डावर उडवले, पाणी उडून गेलं, मीठ राहिलं. आणि मीठ स्पिरिटमध्ये विरघळत नाही. विपुल रात्रभर पुसत बसला असता, तरी ते जिथल्या तिथे राहिलं असतं.

मी चहाचा कप हातात घेऊन गप्प बसले. माझ्या मनात जे आलं ते सरळ होतं. हे कार्ड उठलं नाही, तर याला अकोल्यात काय काम उरलं? सामान बांधेल, चार दिवस हळहळेल, घरी येईल. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त बोलायचं नव्हतं.

बोललेही नसते. पण विपुलनं कापूस खाली ठेवला आणि ताईकडे बघून म्हणाला, "सॉरी आत्या. मी नीट सांगायला पाहिजे होतं." आणि तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, "जाऊ दे लेका, यंत्रच हाये," तर यानं डोकं तिच्या कमरेला टेकवलं. अठरा वर्षांचा घोडा. मला तो आयुष्यात कधी सॉरी म्हणालेला नाही.

मी उभी राहिले. "स्पिरिटनं मीठ निघत नाही."

त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मला तेवढंच हवं होतं. भलेपणा वगैरे काही नव्हता त्यात.

"मग कशानं निघेल?"

"पाण्यानं."

"बापा!" भाऊजी म्हणाले. "कालेजवाली बाई आता बुडवतेच त्याले."

"साध्या पाण्यानं नाही. डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीत टाकतात ना, भाऊजी, ते."

बॅटरीचं नाव निघताच भाऊजींचा चेहरा खुलला. हा त्यांचा प्रांत. कोणत्या दुकानातून आणायचं, कोणाचं नाव सांगायचं, सगळं सांगून त्यांनी विपुलला पिटाळलं. तो आला आणि आम्ही दोघं मोरीत बसलो. मी मऊ ब्रशनं एकेक फट धूत होते, तो वरून पाणी सोडत होता.

"आई, ओलं झाल्यावर बिघडणार नाही?"

"शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही. ती जाते पाण्यातल्या क्षारांमुळे. आत्ता याच्यात वीजच नाही. क्षार धुवून टाकू, मग वरून स्पिरिट. म्हणजे उरलेलं पाणी लवकर निघून जाईल."

"म्हणजे स्पिरिट लागतंच, पण शेवटी?"

"शेवटी."

"भारी," तो म्हणाला. मला.

शकुनताई वरून बघत होती. "दोघं मायलेक काय गुटूरगुटूर करून राहिले?" असं म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला जरासं काही तरी ऐकू आलं. मला ते आवडलं.

धुतलेलं कार्ड मात्र तिनंच गच्चीवर नेलं. तिथे धोतरावर कुरडया वाळत होत्या. त्यांच्या शेजारी, फडक्याच्या सावलीत, तिनं कार्ड मांडलं. "कुरडई मोडली की कट् वाजली पायजे," ती म्हणाली, "तसं हे पोट्टं वाळलं पायजे." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती दोनदा जाऊन त्याची कूस बदलून आली.

विपुलनं कार्ड लावलं. पडदा उजळला. तो ओरडत उठला आणि त्यानं मिठी मारली ती ताईला. ती जवळ उभी होती, मी दारात होते. अंतराचा प्रश्न होता, असं मी स्वतःला समजावलं.

कार्ड उठलं, पण आता ते चढ घेत नव्हतं. जरा वेग वाढवला की गोवर. कंपनीनं दिला तेवढाच वेग, त्याच्या वर काही नाही. ताईनं ट्रक काढला, खेळात पाऊस लागला आणि चित्र पुन्हा अडखळलं. "ठीक हाये," ती म्हणाली. "पावसाच्या रस्त्यानं मी जातच नाई आता." पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

संध्याकाळी मी आणि ती भाकरी करायला बसलो. मी सरळच विचारलं.

"ताई, विपुलला कॉलेजसाठी तुमच्याकडे ठेवून घ्यायचं आहे का तुमच्या मनात?"

तिचा थापता हात थांबला. "कोन म्हनते असं?"

"कुणी नाही. मला वाटतं."

"अव, घेऊन जाय त्याले! दोन महिने झाले, माह्या गाडीवर हाच बसून राहते. मी भांडे घासून येतो, तं हा खुर्चीवर. मी पोथी वाचून येतो, तं हा खुर्चीवर. चालू गाडी बंद करते आन खोलून बसते. आता पाय, चढ बी गेला."

"म्हणजे तो तुम्हाला जड झाला?"

"जड कायले होईन? माह्या भावाचा पोट्टा. मले तो आवडते." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "पन गाडी जास्त आवडते, खोटं कायले बोलू? बापाचा डबा नेला, नवऱ्याचा डबा भरला, पोरीचा भरला. आता या पोट्ट्याचा चार वर्सं भरू? मले घाट उतरू दे ना बाई."

माझ्या मनावरचा दगड उतरायला हवा होता. उतरला नाही. उलट मला संताप आला. दोन वर्षं जिच्यामुळे मी कुढत होते, तिला माझा मुलगा नको होता! असा हुशार, देखणा मुलगा. आणि ही बाई त्याच्यापेक्षा पडद्यावरचा ट्रक बरा म्हणते. मी म्हटलं, "असं काय हो ताई, त्यानं किती केलं तुमच्यासाठी." ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुले काय पायजे नेमकं?" असं तिनं विचारलं. मागे वळले तर विपुल रिकामा ग्लास घेऊन दारात उभा होता. त्यानं ग्लास भरला आणि निघून गेला.

परतीच्या गाडीत त्याच्या कानात बोंडं नव्हती. मूर्तिजापूर मागे पडलं. मग म्हणाला, "आई, मीठ स्पिरिटमध्ये का विरघळत नाही?" मी बडनेऱ्यापर्यंत सांगत होते.

मला वाटलं, जिंकले.

निकाल लागला, प्रवेशाचे अर्ज भरायची वेळ आली. त्यानं पहिल्या पसंतीला अकोल्याचं कॉलेज टाकलं.

"आत्यानं काय म्हटलं ते ऐकलंस ना तू?" मी विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

"आत्याकडे नाही राहणार. होस्टेलला राहणार." आणि माझा चेहरा बघून म्हणाला, "तिकडे खुर्चीवर नंबर लागत नाही, इकडे तू दर अर्ध्या तासानं दार वाजवतेस. मला एक खोली पाहिजे, आई. बस."

काल त्याची जागा पक्की झाली. आज तो मित्रांबरोबर होस्टेल बघायला अकोल्याला गेला आहे, त्याची खोली रिकामी आहे. जेवणं झाल्यावर शकुनताईचा फोन आला. यजमान झोपले होते. मी गॅलरीत जाऊन बोलले.

"काहून वो प्रणाली? होस्टेल?" तिचा आवाज चढलेला. "सख्खी आत्या गावात असताना पोट्टा होस्टेलले राहणार? माह्या घरी जागा नोती काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, घेऊन जा म्हणून."

"ते मी तुले म्हनलं. त्याले म्हनलं काय? तूच काई तरी भरवलं असशीन त्याले."

"मी? मी तर त्याला घरी ठेवायला बघत होते!"

"आज आला होता. पाच मिनटं टेकला नाई. गाडीकडे पायलं बी नाई त्यानं." मला आतून कुठे तरी बरं वाटलं, आणि लगेच तिच्याइतकंच वाईटही वाटलं. मग ती म्हणाली, "शनिवारी येतो म्हनला मातर. कार्डाचा चढ पुन्हा पायतो म्हने."

"या शनिवारी?"

"हो."

"शनिवारी तो अमरावतीला येणार आहे," मी म्हटलं. "मला सांगून गेलाय."

"मले आज सांगितलं."

"मला काल."

"मंग आजचं खरं," शकुनताई म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.